पुण्याहून मुन्नार-एरविकुलम : तीन पिढ्या, आठ माणसं, रस्त्याने. जमेल का?

ऋतुजा_प
नमस्कार मंडळी. बरेच दिवस घरात चर्चा चालू आहे, आता इथे विचारते.

आम्ही आठ जण आहोत. सासरे (७९), सासूबाई (७४), माझी आई (७०), नवरा, मी, दीर, सातवीतली मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. केरळमधल्या मुन्नारजवळचं एरविकुलम राष्ट्रीय उद्यान बघायचं आहे. मुलीला शाळेत निलगिरी ताहर या रानबकऱ्यासारख्या प्राण्यावर प्रकल्प होता, तेव्हापासून तिने ध्यास घेतलाय. जायचं आहे गाडीने, पुण्याहूनच.

'विमानाने का नाही' हा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगते. बाबा (सासरे) तरुणपणी ट्रकवर होते. पुणे-बंगळूर-सेलम ही त्यांची कायमची लाइन. इथून माल न्यायचा आणि येताना सेलमहून साबुदाणा भरून आणायचा. त्या रस्त्याने एकदा परत जावं, एवढंच त्यांनी मागितलंय. एरवी ते स्वतःसाठी काही मागत नाहीत.

प्रश्न असे:
१. फेब्रुवारीत महाशिवरात्रीच्या आसपास सुट्टी जुळतेय. ठीक राहील का?
२. दोन गाड्या की एक मोठी?
३. आईंना (सासूबाई) गुडघ्यांचा त्रास, बाबांना बीपी आणि शुगर, माझ्या आईला घाटात मळमळतं. उद्यानात म्हाताऱ्या माणसांना कितपत जाता येतं?
४. रोज किती किलोमीटर चालवावी?

इनोव्हावाला
जमेल! बिनधास्त जा. पुणे-बंगळूर एका दिवसात होतं, पहाटे चारला निघायचं, रात्री आठला बंगळूर. दुसऱ्या दिवशी रात्री मुन्नार.

रानवेडा
ऋतुजाताई, सगळ्यात आधी तारीख बदला. फेब्रुवारी-मार्च हा ताहरचा विणीचा काळ. पिल्लं होतात म्हणून एरविकुलम पर्यटकांना बंद असतं. साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चअखेरपर्यंत. नेमकी तारीख वनखातं दर वर्षी जाहीर करतं, पिल्लं लवकर दिसायला लागली तर आधीही बंद होतं. एवढी तेराशे किलोमीटरची धाव घेऊन फाटकावर कुलूप बघायला नको.

बाकी तुमच्या लेकीची निवड एकदम उत्तम. निलगिरी ताहर जगात फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, केरळ आणि तामिळनाडूत आहे. दोन्ही राज्यं मिळून संख्या अडीच-पावणेतीन हजारांच्या घरात, आणि त्यातला सगळ्यात मोठा कळप एरविकुलमचा. तामिळनाडूचा तो राज्यप्राणी आहे. मजा म्हणजे जंगली प्राणी असूनही उद्यानातल्या राजमलेच्या रस्त्यावर तो चार-पाच हातांवर उभा असतो. दुर्बीण लागत नाही, पाय तुडवावे लागत नाहीत. म्हणूनच आजी-आजोबांना दाखवण्यासारखं याहून सोपं रानटी जनावर आपल्याकडे दुसरं नाही असं माझं मत.

शेवग्याची_शेंग
@इनोव्हावाला, एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला सोळा तास बसवणार? माझ्या वडिलांना आम्ही असंच नेलं होतं, दुसऱ्या दिवशी पावलं इतकी सुजली की चप्पल चढेना.

सुमाकाकू
फेब्रुवारी गेला तर मग मे महिना घ्या की. मुलांना सुट्टी असते. आम्ही आपले नेहमी मे महिन्यातच जायचो सगळीकडे.

कोइमतूरकर
नोकरीमुळे बरीच वर्षं कोइंबतूरला आहे, त्यामुळे हा भाग पायाखालचा. ऋतूंबद्दल लिहितो, कारण आपल्याकडचं गणित इथे लागू पडत नाही.

दिवाळीची सुट्टी नको. आपला पाऊस संपतो तेव्हा इकडे परतीचा पाऊस सुरू होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इडुक्की जिल्ह्यात (मुन्नार यातच येतं) दरडी पडतात. जून ते ऑगस्ट तर नावच काढू नका. नाताळचा आठवडा म्हणजे मुन्नारच्या बाजारात गाड्यांची रांग, शिवाय नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाच्या भक्तांच्या गाड्या सगळ्या रस्त्यांवर. मे महिन्यात मुन्नार छान असतं, पण तिथे पोहोचेपर्यंत चित्रदुर्ग, सेलम, उडुमलपेट या सपाटीवर ऊन भाजून काढतं. वयस्कर माणसांना प्रवासाचे ते दिवस जड जातील.

मग राहतो जानेवारीचा तिसरा आठवडा. पोंगल १४-१५ तारखेला, त्याची गर्दी १७-१८ पर्यंत ओसरते. २६ जानेवारीच्या जोडसुट्टीच्या आत उद्यान बघून व्हायला हवं. आकाश स्वच्छ, सपाटीवर हवा सुखद. मुन्नारमध्ये मात्र थंडी खरीच असते. बाहेरच्या चहामळ्यांत पहाटे गवतावर दव गोठलेलं दिसतं. गुडघ्यांसाठी गरम कपडे भरपूर घ्या.

ऋतुजा_प
बापरे, बरं झालं विचारलं. @रानवेडा, मनापासून आभार. जानेवारीत मुलीची शाळा बुडेल आठ-दहा दिवस.

गणितमास्तर
शाळा बुडवणं मला पटत नाही. सातवी म्हणजे पाया. पालकच सहलीसाठी शाळा बुडवायला लागले तर मुलं काय शिकणार?

पानगळ
मास्तर, ती ताहर बघायला चालली आहे, ज्यावर तिने शाळेतच प्रकल्प केलाय. शिवाय आजोबा ७९ वर्षांचे आहेत. सातवीचा अभ्यास फेब्रुवारीत भरून काढता येतो. आजोबांबरोबरचा हा रस्ता पुढे ढकलण्यासारखा नाही. शाळेला रीतसर पत्र द्या, बहुतेक शिक्षक समजून घेतात.

गणितमास्तर
पत्र देऊन, बुडालेला भाग आधी विचारून गेलात तर माझी हरकत नाही. टोलच्या पावत्यांची बेरीज आणि गाडीचा सरासरी वेग तिलाच काढायला सांगा. हा माझ्याकडून गृहपाठ.

घाटरस्ता
आता चौथा प्रश्न. अंतरं देतो, सगळी ढोबळ.

पुणे ते हुबळी ४३५ किमी. हुबळी ते तुमकुरू ३४०. तुमकुरू ते सेलम २७०. सेलम ते उडुमलपेट १८५. उडुमलपेट ते मुन्नार ८५, पण हे ८५ घाटाचे, तीन तास धरा.

वयस्कर माणसं बरोबर असताना मी किलोमीटर मोजत नाही, दिवे लागायच्या आत मुक्कामी पोहोचणं एवढाच नियम पाळतो. त्या हिशोबाने पहिला मुक्काम हुबळी, दुसरा तुमकुरू, तिसरा सेलम. पहिला दिवस लांबलचक वाटेल, पण घरून ताजेतवाने निघालेले असता. सातारा ते कागल रस्त्याची कामं चालू असतील तिथे वळणरस्त्यांवर वेळ जातो, तो धरून चाला.

बंगळूर शहरात अजिबात शिरू नका. तुमकूर रस्त्यावरून नाइस रोड घ्या, तो थेट होसूर रस्त्याला इलेक्ट्रॉनिक सिटीपाशी सोडतो. टोल वेगळा पडतो, पण दोन-अडीच तास वाचतात.

आणि धर्मपुरी-सेलमच्या मधला तोप्पूरचा घाट. दिसायला सौम्य, पण लांब उतार आहे, आणि अवजड ट्रकांचे ब्रेक तिथे तापून निकामी होतात. अपघातांसाठी बदनाम आहे. ट्रकच्या पुढे राहू नका, मागेही चिकटू नका. तुमचे सासरे हा घाट ओळखत असतील.

इनोव्हावाला
चार दिवस फक्त जायला? सगळी रजा रस्त्यातच जाईल. वडीलधाऱ्यांना विमानाने कोचीला पाठवा, तिथून मुन्नार चार तास. तुम्ही गाडीने या. भावनेपेक्षा तब्येत बघावी.

मीनाक्षी_कोल्हापूर
@इनोव्हावाला, मूळ पोस्ट वाचलीत का? सहल बाबांच्या रस्त्यासाठी आहे. त्यांना विमानात बसवून बाकीच्यांनी त्यांच्या रस्त्याने जायचं, हे कसं चालेल?

इनोव्हावाला
बरं, मान्य. मग उलटं करा. जाताना सगळे गाडीने, येताना आजी-आजोबा आणि तुमच्या आई कोचीहून विमानाने पुण्याला. एक मोठं माणूस सोबत. परतीचा प्रवास कंटाळवाणाच असतो, तेव्हा अंग थकलेलं असतं आणि बघण्याची उत्सुकताही संपलेली असते.

ऋतुजा_प
हे मात्र फार आवडलं! आजच नवऱ्याशी बोलते.

@घाटरस्ता, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. तोप्पूरचं नाव ऐकून खुर्चीत पुढे सरकून बसले. म्हणाले, "ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर, हे तुझ्या नवऱ्याला सांग, आणि लिहिणाऱ्यालाही सांग की माणूस जाणकार आहे." मग अर्धा तास धर्मपुरीच्या चहाच्या टपऱ्यांबद्दल बोलत होते. त्यांच्या वेळी पुणे-बंगळूर रस्ता नॅशनल हायवे ४ होता, आता ४८ झालाय हे त्यांना अजून पटत नाही.

घाटरस्ता
बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या वेळचा रस्ता एकेरी होता, पॉवर स्टिअरिंग नव्हतं. आम्ही चौपदरीवर चालवतो, त्यांच्यासमोर आमचं काय.

डॉक्टरीण
जरा तब्येतीचं बोलू. हे सर्वसाधारण आहे, तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवूनच निघा.

प्रवासात वयस्कर बायका पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह कुठे मिळेल याची धास्ती. मग बीपी खाली-वर होतं, लघवीचा संसर्ग होतो, आणि मुक्कामी पोहोचल्यावर चक्कर येते. माझ्याकडे सहलीहून आलेल्या पेशंटमध्ये हे फार बघते. "आई, पाणी प्या" असं सांगून उपयोग नसतो. दर दीड-दोन तासांनी कुठे थांबणार हे त्यांना सकाळीच सांगा, म्हणजे त्या आपणहून पितात. थांबलात की पाच मिनिटं चाला, पायांत रक्त साकळत नाही.

बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी जास्त करणारं औषध असेल तर तिची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. इन्सुलिन असेल तर ते डिकीत कधीही ठेवायचं नाही, ती तापते. मधल्या सीटपाशी थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका.

मळमळीची गोळी घाट सुरू व्हायच्या तासभर आधी घ्यायची असते. पण नेहमीच्या गोळ्यांनी झोप येते, आणि सत्तरीच्या पुढे गुंगीत तोल जाऊन पडायची भीती. तुमच्या आईंना चालेल का, किती चालेल, हे विचारून ठेवा.

उंचीची काळजी करू नका. मुन्नार गाव कळसूबाईच्या उंचीच्या आसपास आहे, सोळाशे मीटरच्या आतबाहेर. हिमालयात होतो तसा विरळ हवेचा त्रास इथे होत नाही.

सुमाकाकू
डॉक्टरीणबाई अगदी खरं लिहिलंत. मी स्वतः अशीच पाणी न पिणारी. ऋतुजा, बाळा, एक घडीची कमोड खुर्ची मिळते बघ, मेडिकलच्या दुकानात. ती गाडीत टाक. पंपावर बहुतेक ठिकाणी खाली बसायचं असतं, गुडघेवाल्या माणसाला ते अशक्य. खुर्ची वर ठेवली की काम झालं. आणि एक बादली-मग. लाजू नका, मला या खुर्चीमुळे पुन्हा प्रवास करता आला.

ऋतुजा_प
काकू, हे कुणीच सुचवलं नव्हतं. सासूबाईंनी तुमची पोस्ट स्वतः वाचली आणि "ह्या काकूंचा पत्ता घे" म्हणाल्या :) आजवर त्या "मी येत नाही, तुम्ही जाऊन या" एवढंच म्हणत होत्या. आम्हाला वाटायचं त्यांना हौस नाही. काल रात्री कळलं, खरी अडचण हीच होती आणि मुलांसमोर बोलायचा संकोच होता.

पानगळ
हे वाचून फार बरं वाटलं. घरोघरी "मी येत नाही"च्या मागे हेच असतं.

शेवग्याची_शेंग
गाडीबद्दल कुणी बोललंच नाही. दोन लहान गाड्यांपेक्षा बारा आसनी टेंपो ट्रॅव्हलर घ्या, ड्रायव्हरसकट. उभं राहता येतं, पाय पसरता येतात, सगळे एकत्र. दोन गाड्यांत एक पुढे जाते, एक चुकते, आणि दिवसभर फोनाफोनी.

इनोव्हावाला
ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, गुडघेवाल्या आजींना दिवसातून दहा वेळा चढउतार करायचीय. शिवाय पिवळ्या पाटीच्या गाडीला परराज्यांचं परमिट बघावं लागतं. इथे मी दोन गाड्यांच्या बाजूने. कुणाला बरं वाटेनासं झालं तर एक गाडी दवाखान्यात जाते, दुसरी मुलांना घेऊन हॉटेलवर.

मीनाक्षी_कोल्हापूर
मुद्दा पटतो, पण दोन गाड्या म्हणजे दोन ड्रायव्हर. नवरा आणि दीर दोघंही रोज चालवणार, मग बदली कोण? ऋतुजाताई चालवता का?

ऋतुजा_प
चालवते, हायवेवर सवय आहे. घाटात दीर आणि नवरा.

घरात या प्रश्नावर मतदान झालं. मुलाचं मत "ट्रक". ते बाद धरलं, तर दोन गाड्या जिंकल्या. बाबा पुढच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसणार हे ठरलंय, त्यावर वाद नाही.

रानवेडा
तिसऱ्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर राहिलं होतं.

एरविकुलममध्ये आपली गाडी आत जात नाही. मुन्नार-मरयूर रस्त्यावर फाटक आहे, तिथे गाडी लावायची. तिथून वनखात्याची बस चहामळ्यांतून वर राजमलेला नेते. बस सोडते तिथून पुढे दीडेक किलोमीटर डांबरी चढ चालायचा. चढ अंगावर येणारा नाही, पण गुडघ्यांना जाणवेल. तिकिटं आधी ऑनलाइन काढा, सकाळची पहिली वेळ घ्या. वयस्करांसाठी बग्गी असते का, तेही तेव्हाच विचारून ठेवा. आणि समजा आईंना पुढे चालवलं नाही, तरी काही बिघडत नाही. बस थांबते तिथल्या कठड्याशी बसून समोर अनामुडी दिसतो. २६९५ मीटर, हिमालयाच्या दक्षिणेला भारतात याहून उंच शिखर नाही. काळा, घुमटासारखा, वर झाड नाही. आणि ताहर काही चालणाऱ्यांसाठीच राखीव नाहीत, ते तिथपर्यंतही येतात.

लेकीला एक गोष्ट दाखवा. डोंगरमाथ्यावर सगळं गवत आणि फक्त घळींमध्ये गर्द, बुटकं जंगल. त्याला शोला म्हणतात. गवत पाणी धरून ठेवतं, शोला ते हळूहळू सोडतो, म्हणून उन्हाळ्यातही ओढे वाहतात. ताहरला गवताळ माथा चरायला आणि कडा पळायला हवा, दोन्ही इथे शेजारी शेजारी.

ताहर कितीही जवळ आला तरी खायला देऊ नका, हात लावू नका. साडेतीन वर्षांच्या शेटना हे आधीच समजावून ठेवा.

मीनाक्षी_कोल्हापूर
ती निळी फुलं जानेवारीत दिसतील का? फोटोत सगळा डोंगर निळा असतो.

रानवेडा
नीलकुरिंजी. ती बारा वर्षांनी एकदा फुलते. २००६, २०१८, आता २०३०. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीची ती सख्खी बहीण. आपली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, ही बारा. जानेवारीत झुडपं हिरवी दिसतील, एवढंच. २०३० साली मुलगी कॉलेजात असेल, तेव्हा भावाला घेऊन पुन्हा जाईल.

कोइमतूरकर
आता माझा एक आग्रह. मुन्नार गावात मुक्काम करण्याआधी एक रात्र मरयूरला राहा.

कारण सांगतो. उडुमलपेटहून घाट चढताना आधी अनामलाईचं आणि चिन्नारचं अभयारण्य लागतं. डोंगराच्या पाठीमागे पाऊस पोहोचत नाही, त्यामुळे चिन्नारला काटेरी झुडपं आणि कोरडी माती. या रस्त्याने रात्री जाऊ देत नाहीत, हत्तींची वाट आहे. दुपारी तीनच्या आत चेकपोस्ट ओलांडायचं असं धरा. रस्त्यात उतरू नका, माकडांना काही देऊ नका. मग मरयूर येतं, हजार मीटरच्या आसपास. इथे थंडी मुन्नारसारखी बोचत नाही. रस्त्याच्या कडेला तारेच्या कुंपणात चंदनाची झाडं, नैसर्गिक वाढलेली. उसाचे मळे आहेत, गुऱ्हाळं आहेत, मरयूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे. गावाबाहेर खडकावर प्राचीन दगडी खोल्यांसारख्या रचना आहेत, मुनियारा म्हणतात.

सकाळी मरयूरहून निघालात की मुन्नारच्या आधीच एरविकुलमचं फाटक लागतं. मुन्नारहून येणाऱ्या गर्दीत न सापडता तुम्ही पहिल्या बसला हजर. उद्यान बघून दुपारी उतरत मुन्नारला. वयस्कर माणसांसाठी ही उलटी चाल सोयीची आहे, कारण घाटाचे ते ८५ किलोमीटर दोन दिवसांत विभागले जातात. ऋतुजाताईंच्या आईंचं मळमळणंही आटोक्यात राहील.

मीनाक्षी_कोल्हापूर
गूळ म्हटल्यावर गप्प बसवत नाही. आमच्या कोल्हापुरी गुळालाही मानांकन आहे. जाताना अर्धा किलो कोल्हापूरचा घ्या आणि मरयूरचा घेऊन या, मग ठरवू. मरयूरचा गोळा हाताने वळलेला, काळपट असतो. आमचा पिवळाधमक ढेपेचा. निकाल मला आधीच ठाऊक आहे!

कोइमतूरकर
सोळा आणे कोल्हापूरवाल्या तुम्ही. तांबूस गूळ म्हणजे त्यात पावडर कमी, हे तरी मानाल?

मीनाक्षी_कोल्हापूर
मानते. पण पुरणपोळीला आमचाच.

पानगळ
धागा गुळाला चिकटला. खाण्याचं काय ठरलंय? हुबळीपासून पुढे इडली-डोसा मिळत राहील. तीन-चार दिवसांनी वयस्कर माणसांना आपला वरणभात आठवतोच.

सुमाकाकू
छोटा कुकर, तांदूळ-मुगडाळ आणि मेतकूट न्या. दशम्या दोन दिवस टिकतात, गुळपापडी आठवडाभर. दावणगेरेला लोणी डोसा चुकवू नका, मात्र आजोबांना अर्धाच. आजींचा उपवास असतो का गं?

ऋतुजा_प
एकादशी आणि सोमवार दोन्ही, काकू. सेलमचा साबुदाणा सेलममध्येच खायचा असं बाबांनी आईंना सांगून ठेवलंय. म्हणे, आयुष्यभर तुझ्यासाठी मी तो वाहून आणला, तो कुठे बनतो ते तू बघ. सेलमच्या आसपास उन्हात वाळत घातलेले साबुदाण्याचे पांढरेशुभ्र पट्टे लांबून दिसायचे, असं सांगत होते. अजून दिसतात का?

कोइमतूरकर
दिसतात. सेलम आणि नामक्कलच्या पट्ट्यात टॅपिओकाची शेती आणि कारखाने आहेत, आवारात साबुदाणा वाळत घातलेला असतो. हायवेवरून नीट दिसणार नाही, आत्तूरच्या रस्त्याला थोडं आत जावं लागेल. सेलमच्या मुक्कामात सकाळचे दोन तास त्यासाठी ठेवा. कारखान्याच्या फाटकावर विनंती केलीत तर आत सोडतातही, मी पाहुण्यांना नेलेलं आहे. कंद किसून, चीक काढून, तो घोळवून गोळ्या कशा होतात हे आईंना बघायला आवडेल.

गणितमास्तर
मुलीलाही. निबंधाचा विषय मिळाला.

डॉक्टरीण
बाबांची शुगर लक्षात ठेवा, साबुदाणा बघावा जास्त आणि खावा कमी. सोमवारी आईंनी प्रवासात कडक उपवास करू नये, फळं-दूध-दाणे घेत राहावं.

ऋतुजा_प
मंडळी, तुमच्या मदतीने हे ठरलंय.

पोंगलची गर्दी ओसरल्यावर निघायचं. पहिला मुक्काम हुबळी, दुसरा तुमकुरू, सेलमला दोन रात्री (साबुदाण्यासाठी आणि विश्रांतीसाठी), मग उडुमलपेटवरून मरयूर. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने एरविकुलम. नंतर मुन्नारला दोन रात्री, तिथे काही बघायचा आग्रह नाही. जमलं तर चहाचं संग्रहालय. परतीला बाबा, आई, माझी आई, मुलगा आणि मी कोचीहून विमानाने. नवरा, दीर आणि मुलगी दोन गाड्या घेऊन परत. मुलीला हे वाचून विमान गेल्याचं दुःख होण्याऐवजी उलट आनंद झालाय, कारण ती आता बाबांच्या जागेवर पुढे बसणार.

आईंनी स्वतः जाऊन ती घडीची खुर्ची आणली. सोबत स्वतःसाठी नवे बूटही, आयुष्यात पहिल्यांदा.

एकच राहिलं. मरयूरला आणि मुन्नारला खोली घेताना काय विचारू? दोन ठिकाणी फोन केला, "सगळी सोय आहे" एवढंच सांगतात.

कोइमतूरकर
संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं बघून ठेवा. १९२४ च्या महापुरात वाहून गेलेल्या मुन्नारच्या छोट्या रेल्वेची माहिती तिथे आहे, बाबांना आवडेल.

खोलीबद्दल : मुन्नारमधली बरीच हॉटेलं उतारावर बांधलेली असतात. "तळमजला" म्हणतात, पण तो रस्त्यापासून चाळीस पायऱ्या खाली असतो. म्हणून मजला विचारू नका. गाडी उभी राहते तिथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, हे विचारा आणि त्याचा व्हिडिओ मागवा. गरम पाणी कोणत्या वेळात येतं ते विचारा, काही ठिकाणी सकाळी दोनच तास येतं. जादा ब्लँकेट आणि हीटर. संडास कमोडचा आहे का आणि कडेला धरायला दांडी आहे का. मुन्नारला अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढू नका. चहामळ्यांतून हत्ती रस्त्यावर येतात, म्हणून जेवण हॉटेलातच मिळतं का तेही विचारून घ्या.

सुमाकाकू
न्हाणीघराचा उंबरठाही विचार गं. आणि फरशी गुळगुळीत आहे का. नसेल खात्री तर एक रबरी पायपुसणं घरूनच ने.

घाटरस्ता
निघायच्या आठवडाभर आधी दोन्ही गाड्यांचे ब्रेक आणि टायर तपासून घ्या, स्टेपनीतली हवासुद्धा. फास्टॅगमध्ये पैसे भरा. आणि तोप्पूर उतरताना बाबा काय म्हणाले ते इथे येऊन लिहा.

ऋतुजा_प
नक्की लिहीन. पायऱ्यांचा व्हिडिओ आत्ताच मागवलाय, मरयूरवाल्यांनी लगेच पाठवला. तीन पायऱ्या, कडेला कठडा. मुन्नारवाल्यांनी अजून पाठवलेला नाही, त्यामुळे दुसरीकडे चौकशी सुरू केलीय.